सोडियम ॲनोडचं व्होल्टेज उणे येतंय? तपासणी कुठून सुरू करायची

द्विमितीय पदार्थाचा एक थर घ्यायचा, त्यावर सोडियमचे अणू बसवायचे आणि सोडियम-आयन बॅटरीत हा ॲनोड म्हणून चालेल का, हे डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या संगणकी पद्धतीने) तपासायचं. या कामात अडकलेल्या विद्यार्थ्यांच्या फायली गेली बरीच वर्षं माझ्याकडे येत आहेत. पदार्थ दर वेळी वेगळा असतो. कधी मॉलिब्डेनम डायसल्फाइड, कधी फॉस्फोरिन (काळ्या फॉस्फरसचा एक थर), कधी मॅक्सीन (धातू-कार्बाइडासारखा पातळ थर), तर कधी कुणी नुकताच कागदावर रचलेला एखादा कार्बन-नायट्रोजनचा थर. बिघाड मात्र बहुतेक वेळा एकच निघतो. म्हणून तो कसा शोधायचा हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरणं व्हास्प आणि क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या दोन संगणक-प्रणालींतली आहेत, कारण माझा हात त्यांवर बसलेला आहे.

लक्षणं

यांतलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

– एका अणूची ॲडसॉर्प्शन ऊर्जा (थरावर चिकटण्याची ऊर्जा) चांगली उणे येते, म्हणजे सोडियम चिकटतो असं दिसतं, पण त्याच पदार्थाचं व्होल्टेज काढलं की तेही उणे.
– तोच पदार्थ, तीच प्रणाली, विद्यार्थी दोन, आणि दोघांच्या उत्तरांत एक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास फरक.
– तुमचा आकडा आणि छापून आलेला आकडा यांत १.१ किंवा १.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक, आणि तोही प्रत्येक जागेसाठी जवळपास सारखाच.
– तुमच्या गणितात साधं, दोषरहित ग्राफिन (ग्रॅफाइटचा एकच थर) सोडियमसाठी उत्तम ॲनोड ठरतं.
– क्षमता अपेक्षेच्या नेमकी दुप्पट किंवा निम्मी.
– सोडियम वाढवत नेलं की ऊर्जेचा आलेख सुरळीत उतरण्याऐवजी करवतीच्या दातांसारखा.

ग्राफिनचं लक्षण मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ग्रॅफाइट लिथियम घेतो तेव्हा सहा कार्बनमागे एक लिथियम बसतो आणि ३७२ मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅम क्षमता मिळते. सोडियमचं तसं नाही. साध्या ग्रॅफाइटमध्ये ६४ कार्बनमागे जेमतेम एक सोडियम जातो, म्हणजे सुमारे ३५. म्हणूनच प्रत्यक्षात सोडियमसाठी हार्ड कार्बन (अस्ताव्यस्त रचनेचा कार्बन) वापरतात. २००० साली स्टीव्हन्स आणि डान यांनी त्याची सुमारे ३०० मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅम क्षमता दाखवली, तेव्हापासून तोच मापदंड आहे. तुमची पद्धत ग्राफिनला उत्तीर्ण करत असेल, तर ती तुमच्या नव्या पदार्थाबद्दल काय सांगते त्यावर विसंबता येणार नाही. नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी ग्राफिनच करायला सांगतो. दोन दिवस जातात, पण पुढचे दोन महिने वाचतात.

मुळात घडतं काय

ॲडसॉर्प्शन ऊर्जा म्हणजे तीन ऊर्जांची वजाबाकी: सोडियमसह थराची ऊर्जा, त्यातून नुसत्या थराची ऊर्जा वजा, त्यातून सोडियमची ऊर्जा वजा. पहिल्या दोन ऊर्जा शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या असतात आणि आपल्याला हवा असतो एक-अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक. अशा वजाबाकीत तिन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले हवेत. एकाची पातळी जरा हलली की सगळी चूक थेट उत्तरात उतरते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींत पदार्थाचं गणित ठीक असतं. गडबड असते ती तिसऱ्या आकड्यात, सोडियममध्ये. तो आकडा सगळ्यात छोटा, एका दुपारी होणारा, म्हणून त्याकडे कुणी नीट बघत नाही.

आता तपासण्या. सामायिक महासंगणकावर, मग तो पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म असो किंवा तुमच्या विभागाचा छोटा क्लस्टर, रांगेत उभं राहण्यात दिवस जातात. म्हणून आधी कागद, मग जुन्या फायली, मग छोटे रन आणि शेवटी मोठे, हा क्रम सोडू नका.

१. कागद-पेन्सिल (दहा मिनिटं, खर्च शून्य)

सूत्रातली चिन्हं बघा. काही लेखक वजाबाकी उलटी लिहितात आणि त्यांच्याकडे ‘चांगला’ आकडा धन असतो. तुलना करण्याआधी समोरच्याचं सूत्र शब्दशः वाचा.

मग क्षमता. २६८०१ ला (एका मोल इलेक्ट्रॉनचा भार, मिलीअँपिअर-तासांत) सूत्र-एककामागच्या सोडियमच्या संख्येने गुणा आणि एककाच्या मोलर वस्तुमानाने भागा, उत्तर मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅममध्ये येतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं वस्तुमान १६०.०७, एका सोडियमला १६७, दोन बाजूंना एकेक बसला तर ३३५. फॉस्फोरिनमध्ये एका फॉस्फरसमागे एक सोडियम धरला तर ८६५. इथे नेहमी चुकतं ते मोजणं. सुपरसेलमध्ये (मूळ पेशी अनेकदा जोडून केलेल्या मोठ्या पेशीत) सोळा एककं आणि वर सोळा, खाली सोळा अणू असतील, तर एककामागे दोन सोडियम झाले. एका बाजूचं गणित करून लेखात दोन्ही बाजूंची क्षमता लिहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. एका बाजूला बसतो म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच ऊर्जेने बसेल, हे गृहीत धरता येत नाही. ते स्वतंत्रपणे काढावं लागतं.

मॅक्सीनवाल्यांनी आणखी एक बघावं. उघड्या टायटॅनियम कार्बाइडचं, म्हणजे तीन टायटॅनियम आणि दोन कार्बनच्या एककाचं, वस्तुमान १६७.६ आहे. त्यावर दोन सोडियमला ३२० मिळतात. पण २०११ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात हा पदार्थ पहिल्यांदा तयार झाला तो हायड्रोफ्लोरिक आम्लातून. अशा थराच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, फ्लोरिन, हायड्रॉक्सिल बसलेले असतात. दोन ऑक्सिजन धरले की वस्तुमान १९९.६ होतं आणि तेवढ्याच सोडियमला क्षमता २६८ वर येते. संगणकावरचा उघडा थर प्रयोगशाळेत मिळत नाही, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

२. सोडियम कोणता घेतलाय? (पाच मिनिटं)

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात.

वजाबाकीतला सोडियम दोन प्रकारे घेता येतो: पोकळीत एकटा असलेला अणू, किंवा धातूच्या स्फटिकातला, म्हणजे बल्कमधला, अणू. या दोहोंत सोडियमच्या संसंजन ऊर्जेएवढा (धातूतून एक अणू सुटा करायला लागणाऱ्या ऊर्जेएवढा) फरक आहे. प्रयोगात ती १.११ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि पीबीईमध्ये (डीएफटीच्या एका रूढ फंक्शनलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेच्या अंदाजी सूत्रामध्ये) जवळपास तेवढीच, १.०८ च्या आसपास, येते. लक्षणांमध्ये जो १.१ चा फरक सांगितला, तो हाच.

बॅटरीसाठी बल्क घ्यायचा. का, ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा चूक होणार नाही. ॲनोड चार्ज होताना सोडियमसमोर दोन वाटा असतात: तुमच्या थरावर बसायचं, किंवा आपसांत जमून धातू म्हणून साचायचं. धातू होण्यात ऊर्जेचा जास्त फायदा असेल तर तो थराकडे फिरकणार नाही, साचत जाईल आणि त्याचे काटे वाढून सेल आतून शॉर्ट होऊ शकेल. एकट्या अणूशी तुलना केली तर हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण पोकळीतला एकटा अणू कशालाही चिकटायला तयार असतो.

आता ग्राफिन बघा. एकट्या अणूच्या संदर्भाने, व्हॅन डर वाल्स दुरुस्तीशिवाय (अणूंमधलं क्षीण आकर्षण वेगळं न धरता), पीबीई सोडियमची ॲडसॉर्प्शन ऊर्जा उणे ०.४५ ते ०.५ देतं. चिकटतोय असं वाटतं. बल्कच्या संदर्भाने तोच आकडा अधिक ०.६ च्या आसपास जातो. पहिला आकडा ग्राफिनला चांगला ठरवतो आणि दुसरा प्रयोगाशी जुळतो. दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त पहिल्या गणिताने विचारलेला प्रश्न बॅटरीचा नाही.

व्होल्टेजच्या सूत्रात तर बल्कच हवा. विरळ सोडियमचं व्होल्टेज म्हणजे बल्क-संदर्भातली ॲडसॉर्प्शन ऊर्जा, चिन्ह बदललेली. एका तक्त्यात ॲडसॉर्प्शन अणूच्या संदर्भाने आणि व्होल्टेज बल्कच्या संदर्भाने असेल, तर पहिलं लक्षण दिसणारच.

३. बल्क सोडियम स्वतः बरोबर आहे का? (एक तास)

बल्क घेतला म्हणजे सुटलो असं नाही. चार गोष्टी बघा.

अणू किती? सोडियमचा स्फटिक अंतःकेंद्रित घनाचा, त्याच्या नेहमीच्या एकक-पेशीत दोन अणू असतात. पीबीईने व्हास्पमध्ये अणूमागे ऊर्जा साधारण उणे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. तुमच्या वहीत उणे २.६ लिहिलं असेल तर दोनने भागायचं राहिलंय. लक्षणांतला १.३ चा फरक इथून येतो. एस्प्रेसोत एकूण ऊर्जेचा आकडा स्यूडोपोटेन्शिअलनुसार (अणूच्या गाभ्याऐवजी वापरलेल्या बदली विभवानुसार) पार बदलतो, म्हणून तिथे असा थेट पडताळा नाही. तिथे एकटा अणू वेगळा काढून संसंजन ऊर्जा तपासा.

जाळीचं माप किती? प्रयोगात ४.२९ अँगस्ट्रॉम, पीबीईत ४.२ च्या जवळ. चारच्या खाली किंवा साडेचारच्या वर गेलं असेल तर थांबा, इथेच काहीतरी मोडलंय.

के-पॉइंट (इलेक्ट्रॉन-लहरींचे नमुना-बिंदू, ज्यांवर गणित होतं) पुरेसे आहेत का? सोडियम धातू आहे आणि पेशी छोटी आहे. थरासाठी घेतलेली ३×३×१ जाळी इथे उचलून चालत नाही. १६×१६×१६ पासून सुरू करा आणि वाढवून ऊर्जा हलत नाही ना ते बघा. रन मिनिटांचा आहे, कंजुषी करू नका.

कटऑफ (गणितात धरलेल्या लहरींची ऊर्जा-मर्यादा) कोणता? ही चूक इतकी चोरपावलांनी येते की तिच्यावर थोडं थांबतो. व्हास्पच्या इनकार या सूचनांच्या फाइलमध्ये कटऑफ लिहिला नाही तर प्रणाली तो पॉटकारमधून (स्यूडोपोटेन्शिअलच्या फाइलमधून) उचलते. साध्या, एका संयुजा-इलेक्ट्रॉनच्या सोडियमचा डिफॉल्ट फक्त १०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. २पी इलेक्ट्रॉन धरणाऱ्या ‘पीव्ही’ सोडियमचा २६०, ‘एसव्ही’चा ६४६. थराचं गणित ५०० वर आणि बल्क सोडियम न कळत १०२ वर, अशी वजाबाकी मी पाहिलेली आहे. कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही, रन व्यवस्थित संपतो, आकडा सुबक दिसतो. म्हणून तिन्ही गणितांत कटऑफ हाताने, एकच लिहा.

आणि सोडियमचा पॉटकार तिन्हीकडे तोच हवा. बल्कमध्ये साधा आणि थरावर ‘पीव्ही’ असेल तर त्या दोन ऊर्जांची वजाबाकी निरर्थक आहे. मी स्वतः पीव्ही वापरतो. जिथे सोडियम ऑक्सिजन किंवा फ्लोरिनच्या जवळ येतो तिथे २पी इलेक्ट्रॉन गोठवून ठेवणं मला पटत नाही.

एकट्या अणूचा संदर्भ देण्याची वेळ आलीच, तर तो गणतीत विषम इलेक्ट्रॉनचा आहे हे विसरू नका. स्पिन चालू हवा आणि चुंबकीय आघूर्ण एक बोर मॅग्नेटॉन यायला हवा. स्पिन बंद ठेवला तर अणूची ऊर्जा सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टने चुकते आणि थर आहे त्यापेक्षा तेवढा जास्त चिकट दिसतो.

४. तिन्ही रनच्या फायली शेजारी ठेवा (अर्धा तास)

तीन इनकार फायली उघडा आणि ओळीने जुळवा. व्हॅन डर वाल्स दुरुस्ती, स्पिन, अचूकतेची पातळी, प्रोजेक्शन प्रत्यक्ष अवकाशात की व्यस्त अवकाशात, सगळं. लिनक्सवर ‘डिफ’ ही आज्ञा हे दोन सेकंदांत करते. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

आउटकारमध्ये (व्हास्पच्या निकालाच्या फाइलमध्ये) ऊर्जेचे तीन आकडे छापलेले असतात: मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपीविना ऊर्जा आणि सिग्मा (इलेक्ट्रॉन-पातळ्या किती पसरवल्या त्याचं माप) शून्याकडे नेलेली ऊर्जा. एका रनमधून पहिला आणि दुसऱ्यातून तिसरा उचलू नका. मी तिन्हीकडे सिग्मा-शून्याचा घेतो.

रन खरंच संपलाय का, हेही याच वेळी बघा. व्हास्पमध्ये इलेक्ट्रॉनिक पायऱ्यांची डिफॉल्ट मर्यादा ६० आहे. ती गाठून रन पुढे सरकलेला असतो आणि शेवटची ओळ बघणाऱ्याला ते कळत नाही. करवतीच्या दातांसारखा आलेख आला की माझा पहिला संशय यावर आणि आयनिक पायऱ्या अपुऱ्या पडण्यावर असतो.

व्हॅन डर वाल्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुनी डी२ दुरुस्ती सोडियमसाठी वापरू नका. तिच्यात प्रत्येक मूलद्रव्याचा एकच ठरावीक गुणांक असतो, कार्बनचा १.७५ आणि सोडियमचा ५.७१, आणि तो उदासीन अणूचा आहे. थरावर बसलेला सोडियम आपला इलेक्ट्रॉन बराचसा देऊन बसलेला असतो. तो आकसलेला आणि फारसा ध्रुवीभूत न होणारा आयन असतो. त्याला उदासीन अणूचा गुणांक लावला की आकर्षण फुगतं. डी३ शेजारच्या अणूंची संख्या बघते, डी४ विद्युतभारही बघते. डी३ ने आणि दुरुस्तीशिवाय, असं दोन्हींनी काढा. चिन्ह बदलत नसेल तर निर्धास्त राहा. बदलत असेल तर दोन्ही आकडे छापा. आणि दुरुस्ती लावलीत तर ती बल्क सोडियमलाही लागली पाहिजे.

५. रचना डोळ्यांनी बघा (दहा मिनिटं)

व्हेस्टामध्ये (अणूंची रचना दाखवणाऱ्या प्रणालीत) शेवटची रचना उघडा. सोडियम थरापासून दूर उडाला असेल, थरात घुसला असेल, किंवा थराचे बंध तुटून नवीनच काही तयार झालं असेल, तर ऊर्जेच्या आकड्याला ॲडसॉर्प्शन म्हणता येत नाही. फॉस्फोरिनमध्ये सोडियम जास्त झाला की फॉस्फरस-फॉस्फरस बंध तुटताना दिसतात. ही गणिताची चूक नाही. काळ्या फॉस्फरसची शेवटची अवस्था तीन सोडियमला एक फॉस्फरस अशी फॉस्फाइडच आहे, तिची सैद्धांतिक क्षमता २५९६. पण मग तो थर राहिला नाही, हे लिहावं लागेल.

पेशीची उंचीही मोजा. व्हास्पमध्ये सगळी पेशी मोकळी सोडून रिलॅक्स केलं की व्हॅक्यूम आक्रसतो आणि थर आपल्याच प्रतिबिंबाला जाऊन भिडतो. वीसचा व्हॅक्यूम सातवर आलेली फाइल माझ्याकडे आली होती, विद्यार्थ्याला वाटत होतं ॲडसॉर्प्शन जबरदस्त आहे. एस्प्रेसोत पेशी फक्त प्रतलात हलू देण्याचा ‘टू-डी-एक्स-वाय’ पर्याय आहे, तो वापरा.

६. व्हॅक्यूम, द्विध्रुव, के-पॉइंट (एक-दोन दिवस)

व्हॅक्यूम मोजायचा तो वरच्या सोडियमपासून पुढच्या प्रतिमेच्या खालच्या अणूपर्यंत. दोन्ही बाजूंना दोन-दोन थर चढवले की सुरुवातीचे पंधरा अँगस्ट्रॉम कुठल्या कुठे जातात. मी वीसपासून सुरू करतो.

एका बाजूला सोडियम म्हणजे वर धन, खाली ऋण, त्यामुळे द्विध्रुव तयार होतो. दुरुस्ती लावा. पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पुरेशा व्हॅक्यूममध्ये तिने ऊर्जा बहुतेक वेळा काही शतांश इलेक्ट्रॉन व्होल्ट हलते, उणे व्होल्टेजचं कारण ती क्वचितच असते. एस्प्रेसोत दुरुस्तीचा कृत्रिम उंचवटा व्हॅक्यूममध्ये पडलाय ना हे बघा. तो अणूंच्या मधोमध पडला तर उत्तर भलतंच येतं.

षट्कोनी पेशीला गॅमा-केंद्रित (गॅमा, म्हणजे शून्य के-पॉइंट, मध्यभागी असलेली) जाळीच वापरा, सरकवलेली सम जाळी सममिती मोडते. सुपरसेल दुप्पट केला की के-पॉइंट निम्मे, हा नियम पाळला तर वेगवेगळ्या आकारांची तुलना टिकते.

७. सुपरसेल आणि सोडियमची गर्दी (काही दिवस)

एकाच अणूचं गणित २×२ पेशीत केलं तर सोडियमला आपलीच प्रतिमा पाच-सहा अँगस्ट्रॉमवर दिसते आणि दोन धन आयन एकमेकांना ढकलतात. विरळ मर्यादेसाठी प्रतिमांत दहा अँगस्ट्रॉमच्या आसपास तरी अंतर हवं. ग्राफिनला ४×४ म्हणजे ९.८, मॉलिब्डेनम डायसल्फाइडला ४×४ म्हणजे १२.७.

याच्या उलट टोकाला खरी परीक्षा आहे. विद्यार्थी शेवटच्या रचनेचं सरासरी व्होल्टेज काढतात, ते धन आलं की काम संपलं असं समजतात. समजा पहिल्या थराची सरासरी ०.९ व्होल्ट आली आणि दुसरा तेवढाच थर चढल्यावर एकूण सरासरी ०.३. आकडा ॲनोडसाठी आदर्श दिसतो. पण याचा अर्थ दुसऱ्या थराचं स्वतःचं व्होल्टेज उणे ०.३ आहे. तो थर कधीच चढणार नाही, त्याआधी धातू साचेल. म्हणून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने काढा आणि ज्या टप्प्यावर ते शून्याखाली जातं तिथे क्षमता थांबवा. तुमची जाहीर क्षमता यामुळे निम्मी होईल. ती होऊ द्या.

टप्पेही नीट निवडावे लागतात. प्रत्येक संख्येसाठी सोडियमच्या दोन-चार मांडण्या करून सगळ्यात खालची घ्यायची, मग निर्मिती ऊर्जेचा खालून वेढणारा बहिर्वक्र काढायचा आणि फक्त त्यावरच्या बिंदूंमध्ये व्होल्टेज मोजायचं. मधले बिंदू घेतले की व्होल्टेज वर-खाली उड्या मारतं.

गर्दी धातूची झाली का, हे ओळखायला दोन खुणा आहेत. बल्कमध्ये शेजारच्या सोडियमचं अंतर ३.७ अँगस्ट्रॉम आहे, तुमच्या वरच्या थरात अंतर तेवढं झालं असेल तर सावध व्हा. आणि बेडर विश्लेषणात (प्रत्येक अणूच्या वाट्याला किती इलेक्ट्रॉन आले ते मोजण्यात) नव्या अणूचा भार शून्याकडे आला असेल, तर तो थराला इलेक्ट्रॉन देत नाही, शेजारच्या सोडियमबरोबर धातू बनवतोय.

८. अडथळा, फोनॉन, रेणूगतिकी (आठवडे)

इथपर्यंत सगळं स्वच्छ झाल्याशिवाय एनईबीला (सोडियमची एका जागेवरून दुसरीकडे जाण्याची वाट आणि तिचा अडथळा काढणाऱ्या गणिताला) हात लावू नका.

विसरणाचा अडथळा शून्याखाली आला तर सुरुवातीची किंवा शेवटची रचना पूर्ण शिथिल झालेली नाही. खूप मोठा आला तर बहुधा दोन फायलींत अणूंचा क्रम वेगळा आहे, किंवा सोडियम पेशीच्या कडेवरून पलीकडे गेल्याने वाट उलट बाजूने लांबून आखली गेली आहे. मधल्या प्रतिमा व्हेस्टात एकामागून एक बघा, लगेच कळतं. खोलीच्या तापमानाला ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक म्हणजे उड्यांच्या वेगात दहापट फरक. त्यामुळे ०.०९ आणि ०.१० मध्ये सरस-निरस ठरवण्यात अर्थ नाही, ०.१ आणि ०.४ मध्ये नक्की आहे. फॉस्फोरिनसारख्या सुरकुतलेल्या थरात दोन्ही दिशांचे अडथळे वेगळे द्या, झिगझॅग वाट खूप सोपी आणि आडवी वाट अवघड असते.

फोनॉनमध्ये (जाळीच्या कंपनांच्या गणितात) गॅमाजवळ काही सेंटिमीटर-व्यस्तांकाचा उणे झोल द्विमितीय थरात नेहमी दिसतो. घट्ट निकष आणि मोठा सुपरसेल लावला की बहुधा जातो. शंभराच्या घरातली उणे वारंवारता गणिताच्या गोंगाटातून येत नाही.

रेणूगतिकीत ३०० केल्विनला पाच-दहा पिकोसेकंद थर टिकला, तर तेवढा वेळ टिकला एवढंच म्हणा.

कधी थांबायचं आणि कुणाला विचारायचं

थरात व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोह असेल आणि प्रत्येक रनमध्ये चुंबकीय आघूर्ण वेगळं येत असेल, तर स्वतः प्रयोग करत बसू नका. हबर्डची यू किंमत (अशा धातूंच्या डी-इलेक्ट्रॉनांसाठी हाताने लावायची दुरुस्ती) बदलून हवं ते व्होल्टेज काढता येतं, आणि म्हणूनच ती निवड चुंबकीय ऑक्साइडांवर काम केलेल्या माणसाने करावी.

दोन फंक्शनलमध्ये व्होल्टेजचं चिन्हच बदलत असेल, तिथेही थांबा. जास्त के-पॉइंट लावून हा प्रश्न सुटत नाही.

पायरी ५ मध्ये बंध तुटताना दिसले, किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा थर सोडियम वाढताना २एच वरून १टी रूपात जायला लागला, तर पुढचं काम ॲडसॉर्प्शनचं राहत नाही. तिथे अवस्थांतर आणि रूपांतरण अभिक्रिया माहीत असलेला विद्युतरसायनतज्ज्ञ हवा, शक्यतो ज्याने त्या पदार्थाचे सेल स्वतः बांधले आहेत असा.

तेच इनपुट दोन वेळा चालवून मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त फरक येत असेल, किंवा रन निरनिराळ्या नोडवर मधेच मरत असतील, तर क्लस्टरच्या व्यवस्थापकाला गाठा. दोष बहुधा प्रणालीच्या बांधणीत किंवा मेमरीत असतो आणि तो तुमच्या हाती नाही.

आणि पायरी १ ते ५ करूनही कारण सापडलं नाही, तर दोन दिवसांपेक्षा जास्त एकट्याने झगडू नका. मार्गदर्शकाकडे किंवा अनुभवी माणसाकडे जाताना नुसता आलेख नेऊ नका. तिन्ही गणितांच्या इनपुट फायली, शेवटच्या रचना, पॉटकारच्या शीर्षकओळी आणि प्रत्येक ऊर्जा आउटपुटच्या कुठल्या ओळीतून उचलली ते लिहिलेला कागद, एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा. सोबत तुमच्या पद्धतीने काढलेला ग्राफिनचा आकडाही ठेवा. मी फोल्डर उघडल्यावर सगळ्यात आधी तोच बघतो.